मदत हवी आहे: देशात वर्षभरात किती जणांच्या नोकऱ्या गेल्या, हा आकडा नेमका मिळतो कुठे?

मोशीकर (गुरुवार, रात्री ११.४०)

मंडळी, तातडीने मदत हवी आहे. गेल्या वर्षभरात देशातल्या कंपन्यांनी किती लोकांना कामावरून कमी केलं, याचा एक खात्रीचा आकडा हवा आहे. चार रात्री शोधतोय. पीएफची आकडेवारी उघडली तर दर महिन्याला लाखांनी माणसं वाढलेली. सरकारी बेरोजगारीचा दर पाच टक्क्यांच्या आसपास. ले-ऑफची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर नुसत्या आयटी कंपन्या नि स्टार्टअप. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, आणि आमच्याकडे जे झालं ते तर तिन्हींत कुठेच नाही.

राज्यवार मिळालं तर बरं, एक्सेलमध्ये मिळालं तर फारच बरं. रविवारी सकाळी दहाला लागणार आहे. "गूगल करा" असं कृपया कोणी सांगू नका, ते करूनच इथे आलोय.

आकडेवेडी (११.५८)

"कमी केलं" यात काय काय धरायचंय? कायमस्वरूपी कामगारांची कपात, कारखाना बंद होणं, बोलावून राजीनामा लिहून घेणं, कंत्राट न वाढवणं, की हे सगळंच? आणि "आमच्याकडे जे झालं" म्हणजे काय झालं? कोणतं क्षेत्र? हे कळल्याशिवाय दिलेला आकडा तुमच्या कामाचा नसेल.

फेजतीन (शुक्रवार, ००.१५)

सोपं आहे. कंपन्यांचे तिमाही निकाल बघा, त्यात कर्मचारीसंख्या असते. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करणार असं सांगितलं. जूनअखेर ६ लाख १३ हजार होते, सप्टेंबरअखेर ५ लाख ९३ हजार. म्हणजे एका तिमाहीत वीस हजारांच्या जवळपास घट. त्यात आपणहून सोडलेलेही आले, पण दिशा कळते. शिवाय पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना सेबीच्या बीआरएसआर, म्हणजे जबाबदार व्यवसायाच्या वार्षिक अहवालात कर्मचारी सोडून जाण्याचं प्रमाण द्यावं लागतं. पाचपन्नास कंपन्यांची बेरीज करा, झालं काम.

मोशीकर (००.२२)

फेजतीन, आभार. पण आमच्याकडची पोरं आयटीतली नाहीत आणि त्यांची कंपनी शेअर बाजारातही नाही. मला सगळ्या देशाचा आकडा हवाय.

एडिसनकर (००.५०)

इथे अमेरिकेत वॉर्न नावाचा १९८८ चा कायदा आहे. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीला मोठी कपात करायची तर ६० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि बहुतेक राज्यं त्या नोटिसांची यादी चक्क संकेतस्थळावर टाकतात. शिवाय दर गुरुवारी सकाळी बेकारी भत्त्यासाठी आलेल्या नव्या अर्जांचा आकडा येतो. माझा स्वतःचा नंबर त्यात एकदा लागला होता, तेव्हा सांगतो, नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस पहिलं काम ते करतो. आपल्याकडे हे का होऊ नये? इच्छाशक्तीच नाही.

आकडेवेडी (सकाळी ७.३०)

एडिसनकर, इच्छाशक्तीचा मुद्दा नंतर. तिथे माणूस नोंद करतो कारण नोंद केल्यावर पैसे मिळतात. आपल्याकडे नोकरी गेलेल्याने कुठे जाऊन सांगावं, आणि सांगून त्याला मिळावं काय? ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आहे, नव्वद दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या निम्मे पैसे देते. पण ईएसआयच मुळात २१ हजारांच्या आतल्या पगाराला आणि नोंदणीकृत आस्थापनांना. त्यातही ही योजना ठाऊक किती जणांना? म्हणून तो गुरुवारचा आकडा आपल्याकडे निघूच शकत नाही. भत्ता आला तर मोजदाद आपोआप येईल.

मोशीकर, माझे प्रश्न अजून तसेच आहेत.

स्पष्टवक्ता (८.१०)

सरकारी सर्वेक्षणावर विश्वास ठेवूच नका. सीएमआयई या खासगी संस्थेचे आकडे घ्या. एप्रिल २०२० मध्ये त्यांनीच बेरोजगारी तेवीस टक्क्यांच्या वर गेल्याचं सांगितलं होतं. बाकी सगळं रंगवलेलं.

आकडेवेडी (८.४५)

रंगवलेलं नाही, वेगळं मोजलेलं आहे, आणि हा फरक कळला नाही तर आपण भलत्याच गोष्टीवर भांडत बसू. पीएलएफएसच्या, म्हणजे सरकारच्या रोजगार सर्वेक्षणाच्या, चालू साप्ताहिक स्थितीत सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. नोकरी गेलेला मुलगा मोटारसायकलवर डबे पोहोचवायला लागला, रोजगारात. गावी जाऊन बापाच्या शेतात बिनपगारी राबला, तरी रोजगारात. २०१८-१९ मध्ये शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा ४२.५ टक्के होता, २०१९-२० मध्ये ४५.६, त्याच्या पुढच्या वर्षी ४६.५. सगळं जग शेतीतून बाहेर पडायला बघतं, आणि आपली माणसं त्या वर्षांत शेतीत परत गेली. शहरात गेलेली नोकरी बेरोजगारीच्या रकान्यात सापडली नाही तर शेतीच्या रकान्यात शोधायची.

२०२५ पासून हे आकडे दर महिन्याला येतात, तेवढी सोय झाली.

स्पष्टवक्ता (८.५२)

तासभर काम केलं म्हणजे रोजगार? हेच तर मी म्हणतोय!

आकडेवेडी (८.५५)

व्याख्या बाहेरच्या देशांतही तीच आहे. आपल्याकडे त्रास होतो तो अशासाठी की रिकामं बसणं गरिबाला परवडतच नाही.

पीएफमित्र (९.२०)

मोशीकर, नोकरी गेल्यावर पीएफ काढायचा असेल तर आधी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर केवायसी पूर्ण करा. बँक खातं, पॅन, आधार, तिन्ही मंजूर दिसले पाहिजेत. नोकरी सोडल्याची तारीख मालकाने भरली नसेल तर शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी आपली आपल्याला भरता येते, आधारच्या ओटीपीवर. मी आजवर तीसेक जणांचे क्लेम मार्गी लावले आहेत. काही अडलं तर विचारा.

मोशीकर (९.३१)

पीएफमित्र, मी पैसे काढण्याबद्दल विचारलेलं नाही. कृपया विषयावर राहा. आकडा, आकडा हवाय.

नाना_निवृत्त (११.०५)

मी कामगार खात्यात एकतीस वर्षं होतो, म्हणून लिहितो. आधी शब्द नीट घेऊ. पेपरात ज्याला ले-ऑफ म्हणतात तो कायद्यातला ले-ऑफ नव्हे. कायद्यात ले-ऑफ म्हणजे वीज नाही, कच्चा माल नाही, यंत्र बिघडलं, म्हणून काम तात्पुरतं देता आलं नाही. माणूस हजेरीपटावर राहतो, निम्मा पगार मिळतो. कायमचं काढलं तर ती कपात, एक महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. कपातीची सूचना सरकारलाही द्यावी लागते. म्हणजे नोंद व्हायची सोय कायद्यात १९५३ पासून आहे.

आता ती होत का नाही ते सांगतो. केंद्राचं लेबर ब्युरो देशभरातल्या बंद, कपात आणि ले-ऑफची आकडेवारी काढतं, पण ती राज्यांकडून जाणाऱ्या विवरणांवर. मी एका जिल्ह्याच्या कार्यालयात ते तक्ते स्वतः भरले आहेत. कपात केलेल्या कामगारांची संख्या, या रकान्यात बहुतेक महिन्यांत आम्ही एकच शब्द लिहायचो: निरंक, म्हणजे शून्य. त्याच रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर काढलेली पोरं बसलेली दिसायची आणि वर येऊन मी निरंक लिहायचो. खोटं लिहीत नव्हतो. सूचना आलेलीच नसायची. मालक म्हणायचा ती माणसं ठेकेदाराची, ठेकेदार म्हणायचा माझं कंत्राट संपलं. आणि कराराची मुदत संपून नोकरी गेली तर १९८४ च्या दुरुस्तीपासून ती कपात धरतच नाहीत. हे मला आजही खातं.

मोशीकर, तुमची माणसं ठेकेदाराची आहेत का?

गिरणगावची (दुपारी १.१५)

नानांचं "निरंक" वाचून राहवलं नाही. थोडं अवांतर होईल. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात होते असं सगळीकडे लिहितात. पण त्यातले परत किती घेतले, किती कायमचे गेले, हे आमच्या चाळीत कुणी विचारायला आलं नाही. संप तर रीतसर मागेसुद्धा घेतला नव्हता. माझी आई खानावळ चालवायची. बत्तीस जेवणारे होते, बहुतेक कोकणातले नि घाटावरचे. आई रोज सकाळी ताटं मोजून पीठ मळायची. शिमग्याला गावी गेलेले काही आलेच नाहीत. गणपतीपर्यंत अकरा ताटं उरली. ज्यांनी ट्रंक आमच्याकडे ठेवली होती त्यांच्यातल्या दोघांच्या ट्रंका नव्वद सालापर्यंत माळ्यावर होत्या.

फेजतीन (१.४०)

ताई, मनापासून नमस्कार. यावर स्वतंत्र लेख लिहा.

एडिसनकर (संध्याकाळी ६.१०)

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला होता.

मोशीकर (रात्री ९.१५)

नाना, होय. ठेकेदाराचीच. आधी सांगायला हवं होतं, मला वाटलं ते सगळ्यांना कळेल.

चाकण पट्ट्यातला एक सुटे भाग बनवणारा कारखाना. नाव लिहीत नाही. ८६ पोरं, बहुतेक मराठवाड्यातली, काही यवतमाळकडची. एका सोमवारी पहिल्या पाळीला गेटवर कार्ड लावलं तर लाल दिवा. पुढच्याचं लावलं, लाल दिवा. सिक्युरिटीवाला म्हणाला ठेकेदाराला फोन करा, ठेकेदाराचा फोन बंद. पत्र नाही, नोटीस नाही. माझा भाचा त्यात आहे. दोन वर्षं आठ महिने त्याच लाइनवर होता.

आम्ही चौघे बोलायला गेलो तर तिथले एक साहेब शांतपणे म्हणाले, देशात नोकऱ्या वाढतायत, सरकारचे पीएफचे आकडे बघा, पोरांना दुसरीकडे लागेल. मला उत्तर देता आलं नाही. रविवारी पोरांची सभा आहे, तिथे ते उत्तर हवंय. म्हणून आकडा.

आकडेवेडी (९.४०)

हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतंत तर कालची रात्र वाचली असती! आता ऐका. पीएफचा आकडा निव्वळ असतो. नवे अधिक परत आलेले, वजा बाहेर पडलेले. एखाद्या आस्थापनेत वीस माणसं झाली आणि ती पीएफखाली आली, तर दहा वर्षं तिथेच काम करणारासुद्धा त्या महिन्यात "नवा". एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे गेलेला "परत आलेला". हा नोंदणी वाढल्याचा आकडा आहे. साहेबांनी तो नोकऱ्यांचा म्हणून वाचला. शिवाय हे आकडे तात्पुरते म्हणूनच प्रसिद्ध होतात आणि पुढे बदलत राहतात.

देशाचा एक आकडा मागू नका, तो कोणीच काढत नाही. तुमच्या ८६ जणांचा काढा. प्रत्येकाला पीएफचं पासबुक उघडायला सांगा. शेवटची वर्गणी कोणत्या महिन्याची, आणि नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे की कोरी.

पीएफमित्र (९.५२)

मी सकाळी तेच सांगत होतो. कोरी असेल तर दोन महिने थांबून स्वतः भरून टाका, नाहीतर पैसे अडकतील.

नाना_निवृत्त (१०.०५)

अजिबात भरू नका. वाद उभा राहायचा असेल तर ती तारीख कामगाराने स्वतःच्या हाताने भरली आणि खाली कारण निवडलं, की समोरचा वकील पहिलं तेच दाखवील, हा आपणहून गेला म्हणून.

पीएफमित्र (१०.१२)

नाना, तुमचं कायद्याचं खरं असेल. पण पोराच्या घरी चूल पेटायची आहे. केस चार वर्षं चालते, त्याचे चाळीस हजार आत्ता लागतात.

नाना_निवृत्त (१०.२०)

मान्य. मग निदान कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार आधी द्या, पोच घ्या, आणि मगच काय ते करा. तारखेचा क्रम महत्त्वाचा. मोशीकर, सोबत माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका: गेल्या बारा महिन्यांत तुमच्या तालुक्यातल्या आस्थापनांकडून कपातीच्या किती सूचना आल्या. उत्तर निरंक आलं तर तोच कागद सभेत वाचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. कपातीला सरकारची परवानगी आता तीनशे किंवा जास्त कामगार असले तरच लागते, पूर्वी शंभरापासून लागायची. पण नोटीस आणि भरपाई गेलेली नाही, आणि कपात झालेल्याच्या खात्यात पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीतून यायचा आहे. ठेकेदाराच्या माणसाला हे मिळवायला भांडावं लागेल, ते वेगळं.

स्पष्टवक्ता (१०.३१)

सरकारी कागद घेऊन सरकारला काय सांगणार? माध्यमांकडे जा.

मोशीकर (शनिवार, संध्याकाळी ७.४५)

८६ पैकी ५३ जणांची पासबुकं व्हॉट्सॲपवर आली. बाकीचे गावी आहेत, काहींचा नंबर आधारला जोडलेला नाही, काहींनी रिचार्ज केलेला नाही. ५३ पैकी ४४ जणांची सोडल्याची तारीख कोरी. सहा जणांची वर्गणी, कामावरून काढायच्या आधीच्या तीन महिन्यांची, भरलेलीच नाही, पगारातून मात्र कापलेली आहे, पावत्या आहेत. भाचा त्या सहांत आहे. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

सोयाबीनच्या काढणीला किती गेले तेही विचारलं. एकोणीस.

आकडेवेडी (८.०२)

तक्त्यात आणखी एक रकाना टाका: सध्या काय करतो. आणि ते सहा वेगळ्या पानावर घ्या, ते प्रकरण स्वतंत्र आहे.

पीएफमित्र (८.१०)

त्या सहांची तक्रार ईपीएफआय-जीएमएस पोर्टलवर आजच टाका, पगारपावती जोडून. आणि कोरी तारीख दिसतेय त्या पानाचा स्क्रीनशॉट प्रत्येकाने आज घेऊन ठेवावा, वर मोबाइलची तारीख दिसेल असा. सभेची बातमी ठेकेदाराला कळली की तो रातोरात भरून टाकील.

मोशीकर (८.१४)

ग्रुपवर टाकलं. सतरा जणांचे आलेसुद्धा.