सौम्य रक्तदाब आणि आयुष्यभराची गोळी : खरोखर गरज कोणाला?

धागालेखिका, एरंडवणे

रक्तदाब १४०/९० च्या वर गेला की बीपीची गोळी सुरू होते आणि ती पुढे जन्मभर चालते, हे आपल्याकडे इतके गृहीत धरले गेले आहे की तिच्या गरजेबद्दल विचारणेही अनेकांना आगाऊपणाचे वाटते. तीव्र रक्तदाबाविषयी माझी शंका नाही. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या माजी सैनिकांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीने तो वाद १९६७ मध्येच मिटवला. माझा प्रश्न वरचा दाब १४० ते १५९ असलेल्या आणि मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या माणसाविषयी आहे. ब्रिटनमध्ये सौम्य रक्तदाबाच्या १७,००० हून अधिक लोकांवर झालेली चाचणी १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. ८५० जणांनी वर्षभर औषध घेतले तर एक पक्षाघात टळतो, असा हिशेब त्या संशोधकांनीच मांडला होता. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यातही या गटात औषधामुळे मृत्यू कमी होतात असे सिद्ध झाले नाही. असे असताना लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून धापा टाकत दवाखान्यात पोहोचलेल्या माणसाचा दाब एकदाच मोजून त्याच्या हाती जन्मभराची चिठ्ठी देणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद : फॅमिली डॉक्टर, औंध

एकदाच मोजून औषध सुरू करू नये, हे मान्य. पण ८५० हा आकडा एका वर्षाचा आहे आणि गोळी काही एका वर्षासाठी दिली जात नाही. आज पंचेचाळीस वर्षांच्या असलेल्या माणसापुढे तीस वर्षे असतात आणि त्याचा धोका दरवर्षी वाढत जातो. कॉक्रेनच्या आढाव्यातील सुमारे ८,९०० लोकांवर चार-पाच वर्षेच लक्ष ठेवले गेले होते. एवढ्या काळात मुळातच मृत्यू थोडे होतात, त्यामुळे लाभ सिद्ध झाला नाही याचा अर्थ लाभ नाही असा काढता येत नाही. त्या ब्रिटिश चाचणीतील औषधे, बेंड्रोफ्लुअझाइड आणि प्रोप्रॅनोलॉल, आज पहिली निवड म्हणून क्वचितच दिली जातात.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. रक्तदाब दुखत नाही. हृदयाची भिंत जाड होते, मूत्रपिंड आणि डोळ्याचा पडदा हळूहळू बिघडतो आणि तोवर माणूस पर्वती चढून उतरत असतो. ‘मला काहीच होत नाही’ म्हणून गोळी सोडणारे रुग्ण मी नेहमी पाहतो. त्यांच्यापैकी कोणी क्लोनिडिन किंवा मेटोप्रोलॉल यांसारखे रक्तदाबाचे औषध अचानक थांबवले, तर दाब उसळतो किंवा हृदयावर एकदम ताण येतो. आपला धागा वाचून एखाद्याने तसे करू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद : निवृत्त अभियंता, कोथरूड

गोळीच्या आधी ताटाकडे पाहायला कोणी सांगत नाही, अशी माझी तक्रार आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ घ्यायला सांगते. लोणचे, पापड, फरसाण आणि ताटातले वेगळे मीठ यांमुळे आपण त्याच्या कितीतरी पुढे जातो. १९९७ च्या डॅश चाचणीत भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर दिल्यावर रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा दाब सरासरी सुमारे ११ ने उतरला, आणि तोही मीठ कमी न करता. एखादी गोळी एवढेच काम करते.

प्रतिसाद : फॅमिली डॉक्टर, औंध

त्या चाचणीत सहभागींना सगळे जेवण तयार करून पुरवले जात होते. घरी तीच शिस्त वर्षानुवर्षे पाळणारे थोडेच असतात. जे पाळतात त्यांची गोळी मी आनंदाने कमी करतो, पण न पाळणाऱ्याला पथ्याच्या आशेवर दोन वर्षे विनाउपचार ठेवणे मला पटत नाही.

प्रतिसाद : गृहिणी, सदाशिव पेठ

माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि रक्तदाबाच्या तीन गोळ्या घेतात. अंथरुणातून उठताना त्यांना भोवळ येते, तरी या गोळ्यांचा फेरविचार अनेक वर्षांत कोणी केलेला नाही. नव्या डॉक्टरांनी एक गोळी वाढवली, जुनी मात्र कोणी काढली नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत ऐंशीच्या पुढच्या, दाब आटोक्यात असलेल्या रुग्णांची एक गोळी कमी केली, तेव्हा बारा आठवड्यांनंतरही शंभरातील सुमारे ८६ जणांचा दाब ठरलेल्या मर्यादेत राहिला होता. गोळी सुरू करण्याची घाई आणि काढण्याची टाळाटाळ, हे दोन्ही एकाच वेळी का चालते?

प्रतिसाद : फॅमिली डॉक्टर, औंध

ऐंशीनंतरही औषधाचा लाभ होतो, हे २००८ च्या हायव्हेट चाचणीने दाखवले आहे. मात्र त्यातील वृद्ध तुलनेने धडधाकट होते. सासूबाईंचा दाब बसून आणि मग उभे राहिल्यावर मोजायला सांगा. उभे राहिल्यावर वरचा दाब २० किंवा अधिक उतरत असेल, तर गोळ्या कमी करण्याचा आग्रह धरण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

धागालेखिका, एरंडवणे

मधुमेही किंवा हृदयरुग्णाने गोळी टाळावी असे मी कधीच म्हटले नाही, आणि चालू औषध स्वतःहून थांबवू नये हेही मला मान्य आहे. तीस वर्षांच्या धोक्याचा मुद्दाही वजनदार आहे. पण तीस वर्षे सौम्य रक्तदाबावर औषध घेतलेल्यांची चाचणी कोणीच केलेली नाही, तो अंदाज आहे, आणि अंदाज असल्याचे रुग्णाला सांगितले पाहिजे. कमी धोक्याच्या माणसाने आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे शांत बसून दोन-दोन वेळा दाब मोजावा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी काढावी, आणि ती १३५/८५ च्या खाली असेल तर चिठ्ठी लिहू नये. एवढे तरी पुण्यातील दवाखान्यांनी मान्य करायला काय हरकत आहे?