झोपताना उंबऱ्याजवळ तांब्या उपडा का ठेवतात?

आमचं गाव पाटण तालुक्यात. आजी रोज झोपताना उंबऱ्याजवळ तांब्या उपडा घालून त्याच्या बुडावर फुलपात्र ठेवायची, त्यात चमचा. आजी गेल्यावर आई ठेवू लागली, आता साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये मीही. लेकीनं विचारलं, "कशासाठी गं?" मला सांगता येईना. कुणाकडे आहे ही पद्धत?

उत्तर : अहो ताई, ती भूकंपाची घंटा! ११ डिसेंबर १९६७, पहाटे कोयनेचा मोठा धक्का बसला. पुढेही धक्के येतच राहिले. जमीन हलली की फुलपात्र खणकन पडायचं, माणसं अंगणात धावायची. आमची आत्याही ठेवायची.

उत्तर : आजी दाराला कडी लावायच्या का? आमच्याकडे नुसतं लोटून घ्यायचे.

प्रश्नकर्ती : नाही हो, कधीच नाही! कारण विचारलं की गप्प बसायची. फुलपात्राच्या काठाला दोन पोचे आहेत. आत्ता हातात घेऊन बसलेय.