शब्दचर्चा: 'थीमेबल' कंपोनंट लायब्ररीला मराठीत काय म्हणावं?

ओसरीकर

आम्ही पतसंस्थांसाठी वेब अ‍ॅप बनवतो. अ‍ॅप एकच, पण प्रत्येक संस्थेला ते आपल्या रंगात, आपल्या फॉन्टमध्ये हवं असतं. आतापर्यंत नवं गिऱ्हाईक आलं की जुन्या कोडची कॉपी मारायची आणि सापडतील तिथे रंग बदलायचे, असा कारभार होता. आता बटण, मजकुराची चौकट, तक्ता, तारीख निवडायची खिडकी या सगळ्या तुकड्यांची, म्हणजे कंपोनंटची, एक सामायिक लायब्ररी करायला घेतली आहे. तिचं रूप बाहेरून बदलता येईल, आतल्या कोडला हात लावायला लागणार नाही.

टीममधली बरीच मुलं मराठी माध्यमातली आहेत, म्हणून माहितीपुस्तिका मराठीत लिहितोय आणि पहिल्याच पानावर अडलोय. अशा लायब्ररीला इंग्रजीत 'थीमेबल' म्हणतात; त्यासाठी 'थीमक्षम' लिहिलं, तर एकाने विचारलं, "म्हणजे ही लायब्ररी थीम बनवून देते का?" पुढे टोकन, प्रायमरी, सेकंडरी, डार्क मोड, फॉलबॅक अशी रांग आहेच. तुम्ही रोजच्या कामात काय म्हणता?

कानामात्रा

त्या मुलाचं बरोबर आहे. 'क्षम' हा शब्द कर्त्याच्या अंगची ताकद सांगतो. कार्यक्षम माणूस काम करतो. तुम्हाला सांगायचंय उलट: लायब्ररी काही करत नाही, तिच्यावर काहीतरी करता येतं. त्यासाठी आपल्याकडे -नीय, -योग्य, -जोगा आहेत. वाचनीय, पिण्यायोग्य, बघण्याजोगं. पण 'थीमनीय' लिहाल तर हात जोडतो.

अशा ठिकाणी मराठी सरळ क्रियापदाकडे जाते. 'थीम बदलता येणारी लायब्ररी'. चार शब्द झाले म्हणून काही बिघडत नाही. फक्त 'बदलता येणारी'तला 'येणारी' गाळून 'थीम बदलणारी' करू नका, नाहीतर पुन्हा तोच घोळ.

निळीशाई

'थीम' तरी का ठेवायची? 'रंगसंगती' किती छान शब्द आहे. साडीच्या दुकानातसुद्धा कळतो.

रेघोट्या

कळतो, पण पुरत नाही. थीममध्ये रंगाखेरीज फॉन्ट, अक्षरांचा आकार, ओळींमधलं अंतर, कोपऱ्याची गोलाई, सावली, हालचालीचा वेग, सगळं येतं. दोन पतसंस्थांचा निळा अगदी एकच असू शकतो आणि तरी एकीला चौकोनी बटणं हवी असतात, दुसरीला गोल. 'रंगसंगती' म्हटलं की मुलं रंगांची फाइल करतात आणि बाकी सगळं कंपोनंटमध्ये कोंबतात. शब्दाने काम बिघडवायचं उत्तम उदाहरण.

मराठीत यासाठी 'रूप' आहे, 'साज' आहे. 'साज चढवणे' मला मनापासून आवडतं, पण पुस्तिकेत 'साज बदला' वाचून नाटकाची तालीम आठवेल. थीम ठेवा. अँड्रॉइडच्या मराठी सेटिंगमध्येही 'थीम'च आहे, डोळ्यांना सवय झालेली आहे.

बिनधास्त_बंडू

सगळेजण इंग्रजीच बोलतात ना कामात? मग हा उपद्व्याप कशाला? प्रायमरी म्हणजे प्रायमरी.

ओसरीकर

बंडूशेठ, बोलतात खरं. पण 'सरफेस' आणि 'बॅकग्राउंड' यांतला फरक विचारला की दोघं दोन उत्तरं देतात. ते मराठीत लिहायला बसल्यावरच बाहेर आलं.

रेघोट्या

आता 'टोकन'बद्दल सविस्तर लिहिते, कारण लायब्ररी तरते किंवा बुडते ती इथे.

'डिझाइन टोकन' ही संज्ञा सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या लाइटनिंग डिझाइन सिस्टिममधून, साधारण २०१४ च्या सुमारास पुढे आली. तिथल्या डिझायनर जीना अ‍ॅन यांचं नाव तिच्याशी जोडलं जातं. कल्पना अशी की रंगाची किंवा अंतराची किंमत कोडमध्ये जागोजागी लिहायची नाही; तिला एक नाव द्यायचं आणि सगळीकडे ते नाव वापरायचं. मराठीत 'टोकन' आधीपासून आहे. पूर्वी बँकेत चेक दिला की खिडकीतून पितळी टोकन मिळायचं. ते म्हणजे पैसे नव्हेत, पण ते दाखवलं की पैसे हातात पडायचे. इथेही तेच. कंपोनंट टोकन दाखवतं, थीम त्याबदल्यात रंग देते. त्यामुळे 'टोकन' बदलू नका. 'चिन्ह' किंवा 'प्रतीक' केलंत तर लोकांना आयकॉन वाटेल.

खरी गंमत टोकनांच्या नावांत आहे. नावांचे दोन थर लागतात. खालच्या थरात कच्चा माल: निळा-३००, निळा-६००, राखाडी-१००. हे रंगाचं वर्णन आहे; आकडा मोठा तशी छटा दाट. वरच्या थरात भूमिका: मुख्य कृती, कृतीवरचा मजकूर, पानाची पार्श्वभूमी, इशारा, कडा. कंपोनंटने फक्त वरच्या थराशी बोलायचं. बटणाच्या कोडमध्ये कुठेही 'निळा' हा शब्द दिसला की समजायचं, गळती सुरू झाली. कारण हिरव्या लोगोची पतसंस्था आली की तुम्ही 'निळा' नावाच्या टोकनात हिरवा भरणार, आणि मग ते वाचणाऱ्याचे हाल कुत्रा खाणार नाही.

डार्क मोडमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. पांढऱ्या पानावर निळा-६०० मध्ये लिहिलेली लिंक छान वाचता येते. तोच निळा जवळपास काळ्या पानावर टाका, अक्षरं बुडतात. तिथे निळा-३०० लागतो. वेब सुगम्यतेच्या निकषांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या मजकुरासाठी ३ : १ एवढा काँट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, सांगितला आहे, तो दोन्ही रूपांत वेगवेगळा मोजावा लागतो. भूमिकेचं नाव 'लिंक' असेल तर दिवसा ती एका निळ्याकडे बोट दाखवते, रात्री दुसऱ्याकडे, आणि कंपोनंटला पत्ताही लागत नाही.

घटकाचा, म्हणजे कंपोनंटचा, स्वतःचा असा तिसरा थरही काही जण करतात: बटणाची-गोलाई, तक्त्याची-कडा वगैरे. मी पहिल्या दिवशी तो करत नाही. मागणी आल्यावर बघू.

कानामात्रा

रेघोट्याताई, सुरेख. 'किंमत' लिहिलंत तेही आवडलं. शाळेत 'क्ष ची किंमत काढा' म्हणूनच शिकलो आपण. 'मूल्य' लिहिलं की उगाच मूल्यशिक्षणाचा तास आठवतो.

व्हेरिएबलला बीजगणितातला 'चल' आहेच. पण सीएसएस या वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत ज्याला सगळे 'सीएसएस व्हेरिएबल' म्हणतात त्याचं प्रमाणकातलं नाव 'कस्टम प्रॉपर्टी' आहे, आणि ते नाव जास्त प्रामाणिक आहे. तो नुसता चल नाही, इतर गुणधर्मांसारखा वारशाने खालच्या घटकांकडे जातो. म्हणूनच पानाच्या मुळाशी थीम बदलली की खालची शंभर बटणं आपोआप बदलतात, आणि मध्येच एखाद्या चौकटीपुरती वेगळी थीमही लावता येते. 'स्वतःचा गुणधर्म' किंवा 'आपण ठरवलेला गुणधर्म' म्हणा. 'सानुकूल गुणधर्म' म्हणू नका. तो शब्द 'प्रतिकूल'च्या शेजारी उभा राहतो आणि हवामानखात्याचा वाटतो.

निळीशाई

'प्रायमरी बटण'ला मी एका ठिकाणी 'प्राथमिक बटण' वाचलंय.

कानामात्रा

मग सेकंडरीला 'माध्यमिक' करायला हवं! आणि त्यापुढचं 'उच्च माध्यमिक बटण, कला शाखा'.

गमतीचा भाग सोडा. 'मुख्य' ठीक आहे. 'दुय्यम'ला कमीपणाचा वास येतो, तरी दुय्यम निबंधक कार्यालयामुळे तो शब्द रुळलेला आहे, अर्थ लगेच लागतो. मी तोच घेईन. 'डिसेबल्ड'ला 'अक्षम' करू नका. माणसाला लावला तर अपमान, बटणाला लावला तर हास्यास्पद. 'बंद' पुरे. आणि 'फॉलबॅक'ला 'नसल्यास'. 'मुख्य रंग, नसल्यास निळा.' सरकारी अर्जावर 'लागू नसल्यास' आपण जन्मभर वाचत आलोय.

रेघोट्या

'नसल्यास' झकास! पण फॉलबॅक कंपोनंटमध्ये भसाभस भरू नका. तो असला की थीममध्ये टोकन द्यायचं राहून गेलं तरी बटण निळंच दिसतं, चूक लपते, आणि हिरव्या संस्थेच्या अ‍ॅपमध्ये कुठल्यातरी कोपऱ्यात एक निळं बटण वर्षभर सुखाने नांदतं. त्यापेक्षा एक पूर्ण मूळ थीम ठेवा. बाकीच्या थीमांनी तिच्यातलं हवं तेवढंच बदलायचं.

खटाटोप

'गडद थीम' या शब्दावर माझा आक्षेप नोंदवतो. गडद म्हणजे दाट, खोल. गडद लाल, गडद निळा. तो रंगाचा गुण आहे. आता 'निळा-गडद' असं टोकन दिसलं तर काय समजायचं? गडद छटेचा निळा, की गडद थीममध्ये वापरायचा निळा? दुसरा तर मुळात फिकट असतो, वर रेघोट्यांनी सांगितलंच आहे. म्हणजे नाव एक सांगतं आणि रंग नेमका उलटा.

रेघोट्या

म्हणूनच छटांना आकडे द्यायचे आणि 'गडद' हा शब्द फक्त थीमसाठी राखायचा. 'रात्रीची थीम' म्हणून बघितलं, पण लोक भर दुपारीही ती लावून बसतात. 'काळी थीम' खोटं ठरतं, कारण पार्श्वभूमी बहुधा काळी नसते, काळपट राखाडी असते. 'गडद' आणि 'उजळ' ही जोडी चालेल. तिसरा पर्यायही ठेवा: 'यंत्राप्रमाणे'. म्हणजे फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये जे लावलं असेल ते ब्राउझर 'प्रेफर्स-कलर-स्कीम'मधून सांगतो. मात्र वापरणाऱ्याने अ‍ॅपमध्ये स्वतः काही निवडलं, तर त्याचंच चालायला हवं.

ओसरीकर

मग एक आगाऊ प्रश्न. टोकनांची नावं कोडमध्येच मराठीत ठेवली तर? म्हणजे सीएसएसला सुरुवातीला लागतात त्या दोन आडव्या रेघा आणि पुढे 'मुख्य-कृती'.

खटाटोप

चालतं. सीएसएसच्या नावांत देवनागरी अक्षरं वैध आहेत, हौस म्हणून मी केलेलं आहे. नावात देवनागरी आकडेही चालतात: 'निळा-६००'. मात्र किमतीत नाही. तिथे '१६ पिक्सेल' देवनागरी आकड्यात लिहिलंत तर ब्राउझर ढुंकून बघणार नाही.

आता काळजीची गोष्ट. समजा टोकनाचं नाव आहे 'दुसऱ्या-कृतीचा-रंग'. यातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कळफलकावर 'ऱ' हे वेगळं अक्षर उमटतं आणि त्याला हलन्त लागतो. दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. सीएसएस नावांची तुलना अक्षरसंकेत जसेच्या तसे घेऊन करतं, त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. थीम लिहिणाऱ्याने एक टाइप केलं, बटण लिहिणाऱ्याने दुसरं, की टोकन सापडत नाही. सापडलं नाही म्हणून एरर येते का? छे. त्या बटणाची पार्श्वभूमी गुपचूप पारदर्शक होते. वर अक्षरं पांढरी, खाली पान पांढरं. बटण आहे, दाबलं तर चालतंही, फक्त दिसत नाही. आणि कोडमध्ये कितीही डोळे फाडून बघितलं तरी दोन्ही नावं सारखीच.

माझं मत: कोडमधली नावं रोमन लिपीत ठेवा, पुस्तिकेत प्रत्येकाशेजारी मराठी अर्थ द्या. मराठीच हवी असतील तर नावांतून 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' हद्दपार करा आणि मूळ थीममध्ये नसलेलं टोकन कोडमध्ये आढळलं की बिल्ड, म्हणजे कोडपासून अ‍ॅप तयार होण्याचं काम, थांबेल अशी तपासणी लावा.

रेघोट्या

ती तपासणी रोमन नावांनाही लावा. 'कलर'चं ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंग पुरेसं आहे घात करायला.

आणि मराठी अ‍ॅप करताय म्हणून: बाहेरच्या तयार थीममध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवणारं टोकन बहुधा असतं, बटणांवरच्या मोठ्या रोमन अक्षरांसाठी. देवनागरीत ते शून्य करा. नाहीतर शिरोरेषा तुटते आणि 'जतन करा' हे पाच तुकड्यांत लटकतं. ओळीची उंचीही वाढवा. रोमनला बेतून केलेल्या बटणात 'पूर्ती'चा ऊकार खाली कापला जातो आणि रफार वर. पानावर भाषा मराठी आहे हे नमूद करायला विसरू नका. काही फॉन्ट त्यावरून 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं देतात, नाहीतर हिंदी वळणं दिसतात. म्हणजे लिपी हाही थीमचा भाग झाला. 'रंगसंगती'ला माझा विरोध होता तो यासाठीही.

ओसरीकर

सगळ्यांचे आभार. पुस्तिकेत हे घेतोय: थीम, टोकन, लायब्ररी जसेच्या तसे. 'थीम बदलता येणारी'. मुख्य, दुय्यम, बंद, इशारा, नसल्यास. उजळ, गडद, यंत्राप्रमाणे. 'बॅकग्राउंड' म्हणजे पानाची पार्श्वभूमी, 'सरफेस' म्हणजे तिच्यावर ठेवलेल्या कार्डाचा किंवा खिडकीचा पृष्ठभाग. कोडमधली नावं रोमन. कंपोनंटचं लिंग मात्र ठरत नाहीये. तो, की ते? रेघोट्याताई 'टोकन दाखवतं' म्हणाल्या, तर आमच्याकडे 'तो कंपोनंट तुटला' म्हणतात.

कानामात्रा

दोन्ही कानावर येतं. ताईंनी त्याला नपुंसकलिंगी केलं कारण शेजारी 'टोकन' होतं. 'घटक' आधीच पुल्लिंगी आहे, त्यामुळे कंपोनंटलाही 'तो' करा, म्हणजे दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात आले तरी वाक्य अडखळत नाही. टोकन ते, थीम ती, लायब्ररी ती. अनेकवचनात 'टोकन्स' नको, कारण पुढे विभक्ती आली की 'टोकन्सना', 'टोकन्समध्ये' असं दुहेरी अनेकवचन होतं. ती टोकनं, टोकनांना, टोकनांची यादी.

बिनधास्त_बंडू

आणि थीमचं अनेकवचन?

कानामात्रा

थीमा म्हणा बिनधास्त. वीट, विटा तशी थीम, थीमा. कोणी हसलं तर 'थीम्स' लिहा, पण मग 'थीम्समध्ये' नको, 'थीमांमध्ये'.