'सुपरपोझिशन'ला मराठीत एकच शब्द नको

फोंड्याची बाई
बारावीला फिजिक्स शिकवते. परवा एका मुलाने विचारलं, "मिस, सुपरपोझिशन म्हणजे जुना थर खाली, नवा वर, असं वाचलं. मग लाटांत जुनी लाट कुठली?" वर्ग हसला, मी अडकले. १६६९ मध्ये निकोलस स्टेनो या शास्त्रज्ञाने मांडलेला खडकांच्या थरांचा नियम, दोन लाटांची बेरीज, भूमितीत त्रिकोणावर त्रिकोण ठेवून बघणं, वर अणूंच्या जगातली क्वांटमवाल्यांची भानगड: इंग्रजीत सगळं सुपरपोझिशनच. लाटा एकमेकींतून निघून जातात आणि पुन्हा होत्या तशा होतात. थर बसला तो बसला. तरी आपण सगळ्याला 'अध्यारोपण' म्हणून मोकळे. माझं म्हणणं: थरांना 'थरक्रम', लाटांना 'तरंगबेरीज'. क्वांटमचं तुम्ही सांगा.

पेटीवाला म्हार्दोळ
थरांचं काय ते करा, पण लाटांचा शब्द क्वांटमपासून तोडू नका. माझी पेटी दोन रीडची. सप्ताहाच्या आदल्या दिवशी बघतो तर एक रीड ४४० वर (म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं), जोडीची ४४२ वर सरकलेली. पट्टी दाबून धरली की सेकंदाला दोनदा सूर फुगतो नि बसतो. सूर बसतो तेव्हाही दोन्ही रीड वाजतच असतात! बेरजेत वजाबाकी लपलेली असते, ती हीच.

वायरमन ते इंजिनियर
'तरंगबेरीज' चालणार नाही. सर्किटमध्येही सुपरपोझिशन आहे, तिथे तरंग कुठून आणणार? आणि सगळंच बेरजेत येतं असंही नाही. १० ओहमच्या रेझिस्टरमधून एका बॅटरीमुळे २ अँपिअर, दुसरीमुळे त्याच दिशेने ३. करंट ५, बरोबर. पण पॉवर वेगवेगळी काढून बेरीज केलीत तर ४० अधिक ९० म्हणजे १३० वॅट, प्रत्यक्षात २५०. परीक्षेत निम्मी मुलं इथेच आपटतात (मीही आपटलो होतो).

कीर्तनाला जाणारा
'अध्यारोपण' हा शब्दच चुकलाय. वेदांतात अध्यारोप म्हणजे दोरीवर साप दिसणं. जे नाही ते लादायचं, मग अपवादाने काढून टाकायचं. पेटीवाल्याच्या दोन्ही रीड खऱ्या आहेत, त्यात साप कोणता? वर 'आरोप' ऐकलं की माणसाला कोर्ट आठवतं.

डिचोलकर
हा हा. पण 'रस' वैद्याचा वेगळा, कवीचा वेगळा, आमरसाचा वेगळा. कोणी गोंधळतो का? संदर्भ असतोच.

फोंड्याची बाई
@डिचोलकर, माझा विद्यार्थी गोंधळला ना. आमरस घरी खातो, सुपरपोझिशन फक्त पुस्तकात भेटतं.

रात्रपाळी
क्वांटमबद्दल. 'दोन्ही अवस्था एकदम' हे वाक्यच घोळ करतं. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने १९३५ मध्ये ते पेटीत बंद, एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं मांजर कल्पनेत आणलं ते कौतुकाने नव्हे, हा अर्थ मोठ्या वस्तूंना लावला की किती विचित्र होतं ते दाखवायला. गणितात प्रत्येक अवस्थेला एक गुणक असतो, तो ऋणही असू शकतो, म्हणून शक्यता एकमेकींना खोडतात. पेटीचा सूर बसतो तसंच. फरक एवढाच की इथे जे खोडलं जातं ते ऐकू येत नाही; मोजलं की एकच उत्तर हाती लागतं. त्यामुळे पेटीवाल्याच्या बाजूने माझं मत.

डिचोलकर
आता 'थरक्रम'कडे येतो, बाईंना सोपा वाटला तो. स्टेनोचा नियम साचलेल्या आणि उलथापालथ न झालेल्या थरांचा. आपला चिरा, म्हणजे जांभा, वरून येऊन साचलेला नाही. खालचाच खडक जागच्या जागी झिजून झाला. दिसायला थर, पण तो कोणी वर टाकलेला नाही. आणि आमच्या घरामागे मायनिंगचा डंप आहे. आधी निघाली वरची माती, ती तळाला. खोलातला दगड नंतर निघाला, तो माथ्यावर. कोणता जुना, सांगा बघू!

फोंड्याची बाई
डंप म्हणून कधी पडला ते विचारलंत तर तळचाच आधीचा. दगडाचं वय वेगळं. 'थरक्रम' सोडत नाही मी. 'तरंगबेरीज' मात्र मागे घेते, वायरमनने मारलं. पेटीवाले, ती रीड अजून दुरुस्त केली नसेल तर सोमवारपर्यंत करू नका, वर्गात हवी आहे.