चढणीला लागलेला शिवडा धरायचा की सोडायचा?

दारणाकाठ
पहिला मोठा पाऊस पडला की नदीचं गढूळ पाणी ओढ्यात घुसतं, ओढ्याचं शेताच्या बांधापर्यंत येतं आणि त्या उलट्या धारेला चढणीचे मासे लागतात. त्यातला सगळ्यात मोठा शिवडा. डोळ्यामागेपर्यंत फाटलेला जबडा, लांब मिशा, अंगावर एक खवला नाही, आणि पोटापासून शेपटीपर्यंत गेलेला सलग पर. पुराचं पाणी गवतावर पसरतं तिथे तो उथळात अंडी घालायला येतो. नेमका तिथेच माणूस उभा असतो. कोणाकडे पाग म्हणजे फेकायचं जाळं, कोणाकडे कोयता, आणि आता तर पाण्यात करंट सोडायला बॅटरी-इन्व्हर्टर. बाजारात पाटीवर पडलेल्या मादीचं पोट जरा दाबलं तरी गाभोळी बाहेर येते, आणि गिऱ्हाईक त्याच गाभोळीसाठी दोन पैसे जास्त मोजतं.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या यादीत, 2019 साली शिवडा 'असुरक्षित' गटात गेला. पाकिस्तानपासून व्हिएतनामपर्यंत पसरलेला हा मासा, तरी त्याच्यावर ही वेळ आली, आणि बेसुमार मासेमारी हे त्याचं मोठं कारण आहे. माझं मत स्पष्ट आहे: जून-जुलैत, म्हणजे मृगापासून पुनर्वसूपर्यंत, दारणा, कडवा, गोदावरी आणि त्यांच्या ओढ्यांवर चढणीचा मासा धरणं बंद झालं पाहिजे. समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. नदीच्या माशालाही विणीसाठी तेवढी सवड द्या.

भोईवाडा निफाड
दादा, तळमळ कळली. पण बंदीचा पहिला दणका आमच्याच घरावर बसणार. उन्हाळ्यात गोदावरीत आम्हाला काय मिळतं ते एकदा येऊन बघा: नाशिकचं सांडपाणी आणि त्यावर पाणवेली. जाळं टाकलं तर वेलीच वर येतात. घरात पैसा येतो तो पावसाळ्यात, नवं पाणी आल्यावर. तेवढाच हंगाम तुम्ही बंद करायचा म्हणता.

आणि मासा कमी झाला तो काय फक्त आमच्या जाळ्याने? नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा इंग्रजांच्या काळातला, दारणा धरण 1916 चं, गंगापूर 1965 चं. माशाला वर चढायला ठेवलेली वाट मी तरी कुठल्याच भिंतीवर पाहिली नाही. मग पाणी सोडायचं कधी आणि तोडायचं कधी, ते ठरतं शेतीवर आणि जायकवाडीवर. गवतावर अंडी पडली आणि दोन दिवसांत दारं बंद झाली तर ती अंडी वाळतात. त्याची बंदी कोण घालणार?

दारणाकाठ
धरणांचं तुम्ही म्हणता ते सोळा आणे खरं. पण धरण उद्या हलणार नाही आणि जाळं उद्या थांबू शकतं, म्हणून मी जाळ्यापासून सुरुवात करतो. मदतीचंही सांगतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळासाठी तरतूद आहे. मच्छीमाराचे 1500 आणि सरकारचे 3000 असे 4500 रुपये तीन महिन्यांत मिळतात.

भोईवाडा निफाड
म्हणजे महिन्याला दीड हजार, आणि त्यातही तिसरा हिस्सा आमचाच. पाच माणसांचं किराणा बिल काढून बघा, मग बोलू.

संस्था सभासद
मी वेगळ्या कारणाने विरोधात आहे. आमची सहकारी संस्था ठेक्याचे पैसे भरून जलाशयात कटला, रोहू, मृगळची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडते. शिवडा ती गिळतो. तळ्यात बीज सोडण्याआधी शिवडा, मरळ असले शिकारी मासे काढून टाका, हे मत्स्यशेतीत पहिल्यापासून शिकवलं जातं. आता तोच मासा जपा म्हणता. नुकसान कोणाच्या खात्यावर टाकायचं?

मत्स्यविज्ञान
दादा, तो सल्ला तळ्यासाठी आहे, जिथे पाणी तुमचं, बीज तुमचं आणि खाद्यही तुमचं. नदीला आणि मोठ्या जलाशयाला तो जसाच्या तसा लावू नका. तुमच्या जाळ्यात आज सगळ्यात जास्त काय येतं? चिलापी, म्हणजे बाहेरून आलेला तिलापिया. ती कोणी मुद्दाम सोडत नाही, कोणाला नको असते, आणि वर्षातून अनेकदा वीण घालते. तिची पिल्लं खाणारा मोठा शिकारी मासा काढून टाकला तर तुमच्या कटल्याचं खाद्य तीच संपवणार. शिवाय बोटुकली जरा मोठी करून सोडली तर शिकारीला कमी सापडते.

हॅचरीत शिवड्याचं बीज करून सोडू, असंही कोणीतरी म्हणेल, म्हणून आधीच लिहिते. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या हॅचरीत महाशीरचं बीज वर्षानुवर्षं तयार होतंय, पण शिवड्याचं गणित निराळं आहे. पिल्लं तोंड उघडायला लागली की एकमेकांनाच गिळतात. एका टाकीत हजार सोडली तर थोड्याच दिवसांत मूठभर धष्टपुष्ट उरतात. नदीतली वीण जपण्याइतकी स्वस्त वाट दुसरी नाही.

सिडको नाशिक
सगळे मच्छीमारांवरच का घसरताय? 2027 च्या सिंहस्थासाठी नदीवर एवढा खर्च होणार आहे. आधी शहराचे नाले बंद करा. गाळात आणि फेसात कुठला मासा वीण घालणार?

त्र्यंबक पाडा
आमच्याकडे वरच्या अंगाला नाले स्वच्छच आहेत, सिडकोवाले भाऊ, तरीही मोठा मासा दिसत नाही. कारण सांगतो. पाड्यावरची बाई बांबूचा सापळा लावून रात्रीच्या कालवणापुरतं धरते, ते आजा-पणज्यापासून चालत आलंय. हल्ली बाहेरून पोरं येतात, डोहात करंट सोडतात, बोटाएवढ्या पिल्लासकट सगळं उलटं होऊन वर येतं. तरंगलेलं अर्धंच गोळा करतात, बाकी तसंच वाहून जातं. जिलेटिन आणि विष टाकून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून मनाई आहे. आधी तेवढं थांबवा. सरसकट बंदी आली तर धरला जाईल तो सापळेवाला. करंटवाला मोटारसायकलवरून निघून जाईल.

डोह राखायची रीत आपल्याकडे आहेच. आमच्या त्र्यंबककडून निघणारी वैतरणा खाली वाड्याजवळ तिळशाला जाते, तिथल्या देवळापाशी मासे कोणी धरत नाही. महाडकडे वाळणकोंडीतही तसंच. गावाने ठरवलं म्हणून ते टिकलं, साहेबाच्या पाटीने नव्हे.

दारणाकाठ
हे मला पटतं आणि पुरेसं वाटत नाही, दोन्ही. डोह राखले तर उन्हाळ्यात मोठा मासा जगेल. पण तोच मासा जूनमध्ये डोह सोडून ओढ्याला लागतो आणि रस्त्याखालच्या पहिल्याच मोरीच्या तोंडाशी मारला जातो. मारणारा दर वेळी बाहेरचा नसतो, हे आपल्याला माहीत आहे. मोरीला आडवं फासाचं जाळं बांधलं की वर जाणाऱ्यातलं काहीच सुटत नाही. म्हणून संपूर्ण नदी राहू दे, पण ओढ्यांची तोंडं आणि मोऱ्या तरी दोन महिने मोकळ्या ठेवा.

मत्स्यविज्ञान
याला माझा पाठिंबा. मुख्य पात्रात पाग चालू द्या, ओढ्यात आणि पाणी चढलेल्या गवतात नको. आणि गाभोळीची मादी चुकून आली तर जिवंत आहे तोवर सोडा. मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त, म्हणून मोठी सोडणं जास्त मोलाचं.

संस्था सभासद
ओढ्यांपुरतं असेल तर पुढच्या बैठकीत विषय मांडतो. जलाशयातल्या शिवड्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

भोईवाडा निफाड
मुख्य पात्र उघडं राहणार असेल तर बोलणं होऊ शकतं. माझ्या दोन अटी. कुठले ओढे राखायचे ते आमच्यातली जाणती माणसं ठरवतील, कारण शिवडा कुठे चढतो ते आम्हाला ठाऊक आहे. आणि मोरीवर राखण करायला आमच्याच पोरांना रोजंदारी द्या. पोलीस केसवाली बंदी आणली, तर मी आजही विरोधातच आहे.