आत्मपरीक्षण करताना मन खचते. मग देवाचे पाचारण (बोलावणे) कसे ओळखावे?

प्रश्न (भुसावळ)
मी परिचारिका आहे, वय २६. कॅथलिक धर्मभगिनी (सिस्टर) व्हावे असे गेली दोन वर्षे मनात येते. घरी मात्र स्थळे पाहणे सुरू आहे. झोपण्यापूर्वी मी आत्मपरीक्षण करते, पण ती नुसती चुकांची मोजदाद होऊन बसते. परवा रात्रपाळीत रावेरकडच्या एका आजोबांनी तिसऱ्यांदा पाणी मागितले, तेव्हा मी त्यांच्यावर खेकसले. सकाळी घरी आल्यावर तेवढेच डोक्यात घुमत राहिले आणि ‘अशा मुलीला देव कशाला बोलावील?’ असे वाटून तो विचारच सोडून द्यावासा वाटला. हा सदसद्विवेकबुद्धीचा आवाज समजावा का?

उत्तर (जळगाव)
ताई, पापनिवेदनापूर्वीच्या (फादरांसमोर पापे कबूल करण्यापूर्वीच्या) परीक्षणात गंभीर पाप कोणते आणि किती वेळा घडले हे आठवावेच लागते. रोजचे परीक्षण वेगळे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीत त्याची सुरुवात उपकारस्मरणाने होते. मग प्रकाशाची याचना, त्यानंतर दिवसाचा तासातासाने आढावा, क्षमायाचना आणि शेवटी उद्याचा निश्चय. आपण पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट आढाव्याला बसता, असे मला वाटते.

१५२१ साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत पायाला तोफगोळा लागून हे इग्नेशियस अंथरुणाला खिळले होते. दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना त्यांना सुख वाटे, पण नंतर मन कोरडे पडे; संतांसारखे जगण्याचा विचार मात्र ओसरल्यावरही समाधान मागे ठेवून जाई. त्यांनी लक्ष ठेवले ते या मागे उरणाऱ्या चवीवर. मन उजाड झालेले असताना आधीचा निश्चय बदलू नये, हा त्यांचा नियम तर आपल्यासाठीच आहे. खेकसल्याबद्दल आजोबांची क्षमा अवश्य मागा. पण ‘देव मला बोलावणारच नाही’ हा निष्कर्ष त्या चुकीतून निघत नाही. आणि एक सांगा, शेवटी त्यांना पाणी कुणी दिले?

प्रश्नकर्ती
मीच दिले. पहाटे त्यांच्या सुनेने फडक्यातली कळण्याची भाकरी अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली. परीक्षण करताना मला हे आठवलेच नव्हते.

उत्तर (नंदुरबार)
मी स्वतः एका मठात नॉव्हिशिएटचे (व्रते घेण्यापूर्वीच्या तयारीचे) वर्ष काढून परत आले आणि आज संसारात आहे; तेही पाचारणच आहे, असे मी मनापासून मानते. ख्रिस्तसभा या बाबतीत घाई करत नाही: नॉव्हिशिएट किमान १२ महिन्यांचे असते आणि त्यानंतरही निदान ३ वर्षे तात्पुरत्या व्रतांची असतात, म्हणून आज आपल्याला जन्मभराचा निर्णय द्यायचा नाही. बायबलमधल्या बाल शमुवेलालासुद्धा देवाची हाक तीनदा वृद्ध याजक एलीचीच वाटली होती आणि ती कुणाची हे एलीनेच त्याला सांगितले. तसे आपणही एखाद्या अनुभवी फादरांशी किंवा सिस्टरांशी महिन्यातून एकदा बोलत चला, आणि त्या अर्ध्या भाकरीचेही त्यांना सांगा. पुढच्या स्थळाची मंडळी घरी येण्याआधी मात्र हे वडिलांच्या कानावर घाला. जीवनाची वाट निवडताना कुणावर जबरदस्ती होऊ नये असे कॅनन कायद्यातच (ख्रिस्तसभेच्या नियमसंहितेतच) आहे, आणि ते लग्नाला लागू आहे तसेच मठालाही.