आमच्या गल्लीतल्या फुटपाथवर नक्की किती खर्च झाला हे कुठे बघायचं?

गल्लीतला_मी
नमस्कार मंडळी, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या जोरदार भांडण चालू आहे म्हणून विचारतोय. आमच्या गल्लीत फुटपाथचे जुने ब्लॉक काढून नवीन टाकले, ते गरजेचं होतं की नाही हा वेगळा विषय, पण एक जण म्हणतो चाळीस लाख उडवले आणि एक काका म्हणतात छे, वीसच्या वर एक रुपया नाही, माझ्याकडे पक्की माहिती आहे. पक्की म्हणजे कुठून आली ते काही सांगत नाहीत.

मी म्हटलं भांडत बसण्यापेक्षा पुणे मनपाच्या साईटवरच बघू. अंदाजपत्रकाची पीडीएफ उतरवली, केवढं ते बाड! रस्त्याचं नाव सर्चला टाकलं तर शून्य रिझल्ट. वैतागून समोर दिसणारी एक ओळ कॉपी करून पेस्ट केली तर भलतीच चिन्हं उमटली. शेवटी स्क्रोल करत करत पथ विभागापर्यंत पोचलो, तिथेही आमच्या गल्लीचं नाव नाही. कुणी असं काम शोधून काढलंय का? आणि माहिती अधिकार न टाकता होईल का, कारण त्यात उगाच कुणाशी वाकडं व्हायची भीती वाटते.

जमाखर्च_काका
सर्च चालत नाही कारण बऱ्याच सरकारी पीडीएफ जुन्या मराठी फॉन्टमध्ये तरी असतात नाहीतर सरळ स्कॅन असतात. त्यात डोकं घालू नका, अनुक्रमणिका बघा आणि डोळ्यांनीच वाचा.

नाव सापडत नाही त्याचं कारण वेगळं. अंदाजपत्रकात गल्ली क्वचितच येते, येतं ते "प्रभाग क्र. अमुक मध्ये ठिकठिकाणी पदपथ विकसित करणे". त्या "ठिकठिकाणी"मध्ये तुमची गल्ली बसलेली आहे. दुसरं म्हणजे 'स' यादी उघडा, पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली छोटी कामं तिथे असतात, बेंच, कमान, ड्रेनेज लाईन, ब्लॉक सगळं. आणि उघडलेलं अंदाजपत्रक कुणाचं तेही बघा, आयुक्त मांडतात ते वेगळं, स्थायी समितीने भर घालून मुख्य सभेत नेलेलं वेगळं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले, त्या काळातल्या वर्षांची फाईल चाळत असाल तर हा फरक सापडणार नाही.

आता खरी गोष्ट. त्यात तुम्हाला दिसते ती तरतूद, खर्च नव्हे. पेपरात मनपाच्या अंदाजपत्रकाचे २०२३-२४ ला ९,५१५ कोटी, २०२४-२५ ला ११,६०१ कोटी, २०२५-२६ ला १२,६१८ कोटी असे आकडे आले ते सगळे अंदाज. खर्च बघायचा तर पुढच्या वर्षांची पुस्तकं उघडा, तिथे मागच्या वर्षाचे सुधारित आणि प्रत्यक्ष आकडे वेगळ्या रकान्यात असतात. त्यात मध्येच वर्गीकरण होतं, म्हणजे एका कामाचे पैसे उचलून दुसऱ्या कामाला. उद्यानाला ठेवलेले पैसे फुटपाथला गेले असं होऊ शकतं आणि ते मूळ पुस्तकात तुम्हाला जन्मात सापडणार नाही, त्यासाठी स्थायी समितीचे ठराव बघावे लागतात.

बिलो_रेट
मी छोटी सिव्हिल कामं घेतो (मनपाची नाही, आधीच सांगतो), म्हणून भांडणाचा निकाल इथेच लावतो. तुमचे दोघंही खरं बोलत असतील. समजा संपूर्ण प्रभागाची तरतूद ४० लाख. त्यातलं तुमच्या गल्लीचं पूर्वगणनपत्रक, म्हणजे एस्टिमेट, २५ लाख. ठेकेदाराने वीस टक्के बिलो, म्हणजे एस्टिमेटपेक्षा कमी भरलं, काम गेलं २० लाखाला, वर जीएसटी. एकाने तरतूद वाचली, दुसऱ्याला कुणीतरी टेंडरचा आकडा सांगितला. आणि शेवटचं बिल या दोन्हीपेक्षा वेगळं निघू शकतं.

टेंडर महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर शोधा. बंद झालेली टेंडरं चालू यादीत दिसत नाहीत, अर्काईव्ह आणि रिझल्टच्या पानावर जायचं, प्रत्येक वेळी कॅप्चा, पेशन्स ठेवा. फार छोटं काम असेल तर तिथे सापडेलच असं नाही. सापडलं तर कामाचं पूर्ण नाव जसंच्या तसं लिहून घ्या, स्पेलिंगच्या चुकांसकट, पुढे सगळीकडे तेच लागतं.

पण खरा कागद म्हणजे एमबी, मोजमाप पुस्तिका. जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, जागेवर जाऊन लांबी, रुंदी, जाडी लिहितो आणि त्याच्यावर बिल निघतं. बाकी सगळे आकडे तुम्हाला कुणीतरी सांगितलेले, एमबीतला आकडा तुम्ही स्वतः टेप घेऊन तपासू शकता. ब्लॉक ६० मिमीचे लावलेत की ८० मिमीचे ते कडेला एखादा निघालेला असेल तर पट्टीने मोजा आणि एस्टिमेटमधल्या आयटमशी लावून बघा. यात भांडायचं काहीच नाही, मोजायचं फक्त.

हवेलीकर
थोडं अवांतर. आमचं गाव २०२१ मध्ये ज्या २३ गावांबरोबर मनपात आलं त्यातलं. ग्रामपंचायत होती तेव्हा ई-ग्रामस्वराजवर गावाचं नाव टाकलं की वित्त आयोगाच्या पैशातनं कुठलं व्हाउचर कधी फुटलं ते घरबसल्या दिसायचं. आता हजारो कोटींची मनपा आणि एका बोळाच्या बिलासाठी तुम्हाला इथे विचारावं लागतंय. गाव मोठं झालं आणि हिशोब लांब गेला 😅

जमाखर्च_काका
@हवेलीकर बोळाचं बिल नाही दिसत पण शहराचा ताळेबंद दिसतो हो. १५ व्या वित्त आयोगाने अट घातली की लेखापरीक्षित हिशोब ऑनलाईन टाकल्याशिवाय शहरांना अनुदान नाही, त्यामुळे केंद्राच्या सिटीफायनान्स पोर्टलवर शहरांची वार्षिक लेखापत्रकं येतात. शिवाय पुणे मनपाने २०१७ मध्ये २४ तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने, बीएसईवर नोंदवलेले. रोखे आले की पतमानांकन संस्थेचा अहवाल आला. मनपाची जमा कुठून, कर्ज किती, थकबाकी किती हे त्यात मोजक्या पानांत मिळतं, अंदाजपत्रकापेक्षा कितीतरी सरळ भाषेत. गुंतवणूकदाराला समजावून सांगतात, करदात्याला बाड देतात, चालायचंच.

गल्लीतला_मी
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. पण म्हणजे एमबीसाठी माहिती अधिकार टाकायलाच लागणार असं दिसतंय. कुठे टाकू आणि काय लिहू? सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलेला मसुदा आलाय: "सुस्थितीतील पदपथ का उखडला, याला जबाबदार कोण, व आजपर्यंत प्रभागातील सर्व कामांची संपूर्ण माहिती द्यावी."

अर्जदार_पेठेतला
हा मसुदा आधी डिलीट करा. "का" आणि "कोण जबाबदार" विचारलं की प्रश्नार्थक माहिती देता येत नाही असं उत्तर ठरलेलं, कारण कायद्यात माहिती म्हणजे उपलब्ध असलेला कागद, कुणाचा खुलासा नव्हे. "सर्व कामांची संपूर्ण" लिहिलं तर माहिती विस्तृत आहे, येऊन बघून जा. महाराष्ट्रात २०१२ पासून अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, ती तुमच्या फायद्याचीच समजा.

असं लिहा: "अमुक रस्ता, अमुक चौक ते अमुक चौक, आर्थिक वर्ष अमुक, पदपथाच्या कामाचे पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, अदा केलेली सर्व देयके व दोषदायित्व कालावधीची नोंद यांच्या प्रती द्याव्यात. तत्पूर्वी कलम २(ञ) नुसार अवलोकन करू द्यावे." जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, झेरॉक्सवर पोच घ्या. पोचेवर आवक शिक्का आणि तारीख आली का ते खिडकीवरच बघा, नंतर कुणी मारून देत नाही.

अवलोकन आधी मागा कारण फाईल समोर आली की कळतं कुठली पानं हवीत, मग तेवढ्याच प्रती घ्यायच्या, दोन रुपये पान. पुण्यात सोमवारी दुपारी ३ ते ५ अर्जाशिवाय कागद बघू द्यायची पद्धत सुरू झाली होती, २०१८ मध्ये राज्यानेही तसं परिपत्रक काढलं, पण त्या सोमवारावर विसंबू नका, अर्जाचा हक्क कायद्यातला आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प.

मला एका कार्यालयात "हे काम आमच्याकडचं नाही, मुख्य खात्याकडचं" म्हणून तोंडी परत पाठवलं होतं. तोंडी ऐकून परत येऊ नका. कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं हे त्यांचं काम, तुमचं नाही.

गल्लीतला_मी
वाकडं व्हायचं काय मग? जेई रोज गल्लीतनं जातो.

बिलो_रेट
अहो त्याला आधी सरळ विचारा, डीएलपी, म्हणजे तो दोषदायित्व कालावधी, कधीपर्यंत आहे? ती चालू असेल तर उखडलेले ब्लॉक ठेकेदाराने फुकट बसवून द्यायचे असतात, जेईलाही ते हवंच असतं. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात टाका, छोटी कामं बहुतेक तिथूनच निघतात, मोठं असेल तर पथ विभागाकडे जाईल. एमबी मिळाली की इथे टाका, ठेकेदाराचं आणि सही करणाऱ्यांचं नाव झाकून, आयटम कसे वाचायचे ते सांगतो.